सिम्युलेशनमध्ये थंड, वाळूजच्या शेडमध्ये गरम: या चुका टाळा

वाळूजच्या एका कारखान्यासाठी आम्ही इलेक्ट्रिक तीनचाकीच्या कंट्रोलरचं अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग करत होतो. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये ते ५० अंशांच्या आत राहिलं. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये नमुना चालवला, तर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, शंभरीला टेकला. सोल्व्हरचं, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, गणित बरोबर होतं, आम्ही दिलेले आकडे चुकले होते.

पहिली चूक बाहेरच्या हवेची. अनेक सॉफ्टवेअर हवा २० ते २५ अंशांची धरून चालतात. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतही पारा ४२ वर जातो. त्यात आम्ही कन्व्हेक्शनचा सहगुणक (हवा दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता उचलते तो आकडा) २५ टाकला होता, तो पंख्याच्या वाऱ्याचा. आत ६० वॅट उष्णता, पृष्ठभाग ०.१ चौरस मीटर: ६० भागिले (२५ × ०.१), म्हणजे ६० भागिले २.५, म्हणजे हवेपेक्षा फक्त २४ अंश जास्त. स्थिर हवेत सहगुणक १० धरला की तोच फरक ६० अंशांचा होतो. ४२ अधिक ६०, १०२. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर दोन मिनिटांत होतो आणि तो आधी करायला हवा होता, याची मला आजही हळहळ वाटते.

केसिंगचा काळा रंग उष्णता बाहेर टाकायला मदत करतो, पण उघड्यावर तोच ऊन ओढतो. भर उन्हात चौरस मीटरला सुमारे १००० वॅट पडतात. त्यामुळे गाडीत केसिंग कुठे बसणार, हे विचारल्याशिवाय रंग ठरवू नका.

दुसरी चूक धातूची. सॉफ्टवेअरच्या मटेरियल लायब्ररीतलं नुसतं ‘अ‍ॅल्युमिनियम’ बहुधा शुद्ध धातू असतो, उष्णतावहन सुमारे २३७ वॅट प्रति मीटर-केल्विन. डायकास्टिंगच्या (साच्यात दाबाने ओतण्याच्या) एडीसी-१२ या मिश्रधातूचं जेमतेम ९६. ड्रॉइंगवरचा ग्रेड वाचूनच आकडा भरा.

कपलिंगबद्दल, म्हणजे वीज, उष्णता, ताण यांची गणितं एकमेकांना जोडण्याबद्दल, माझं मत ठाम आहे: गरज असेल तिथेच जोडा. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, त्याने उष्णता पुन्हा वाढते. म्हणून वीज आणि उष्णता दोन्ही बाजूंनी जोडलेलीच हवी. केसिंगच्या किंचित प्रसरणाने तापमान सहसा हलत नाही, तिथे एकेरी जोडणी (तापमानावरून प्रसरण, उलट नाही) पुरते. नांदेड-लातूरहून आलेली हुशार मुलं पहिल्याच रनमध्ये सगळं जोडतात आणि सोल्व्हर अडकला की मेश, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, बारीक करत बसतात. आधी प्रत्येक भौतिकी वेगळी चालवा, तिचं उत्तर पुढच्या रनची सुरुवात म्हणून द्या, करंट टप्प्याटप्प्याने वाढवा.

मेश तीनदा बारीक करून तापमान स्थिरावलं तर ठीक. आतल्या धारदार कोपऱ्यातला ताण मात्र मेशबरोबर वाढतच जाईल; तिथे खरी गोलाई द्या.

रंगीत चित्र उघडण्याआधी ताळा बघा. आत ६० वॅट, तर स्थिर अवस्थेत बाहेरही ६० च. आणि थर्मोकपल जिथे चिकटवणार, तो बिंदू मॉडेलमध्ये आधीच खुणावून ठेवा.