गिझर रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा? या चुका टाळा

थंडी पडली की सांगली-मिरजेत इलेक्ट्रिशियन लवकर मिळत नाही, मग घाईत एकतर कॉइल बदलून चालला असता असा गिझर भंगारात जातो, नाहीतर टाकी सडलेल्या गिझरवर पैसे घातले जातात. आधी बिघाड कुठं आहे ते बघा.

पाणी तापायला वेळ लागला की बरेचजण थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग) फुल करतात, तसं करू नका. आपल्याकडं बऱ्याच अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचं पाणी असतं, त्यातला क्षार कॉइलवर पांढरा थर होऊन बसतो आणि पाणी जेवढं जास्त कडक तापवाल तेवढा थर वाढतो. आतून खडखड आवाज येतो तो पण बहुतेक त्याचाच. टाकी साफ करून, लागलीच तर कॉइल बदलून काम होतं. तेव्हाच अॅनोड रॉड पण बघायला लावा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मॅग्नेशियमचा दांडा असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तो संपला की गंज टाकीला लागतो. गार पाणी स्वच्छ आणि फक्त गरम पाणी तांबूस येत असेल तर हेच समजा.

गळतीचं पण तसंच. पाईपच्या जॉइंटला किंवा कॉइलच्या वॉशरला गळत असेल तर किरकोळ काम आहे, पण टाकीच गळत असेल तर एम-सील लावत बसू नका, नवीनच घ्या. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणं नॉर्मल आहे, ते थांबवायला व्हॉल्व्ह बंद करणं मात्र फार धोक्याचं, आतलं प्रेशर जाणार कुठं? सारखी धारच लागली तर दाखवून घ्या.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडा आणि कॉइल, अर्थिंग चेक होईपर्यंत गिझर लावूच नका. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर खेचतो, त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट पाहिजे, साध्या ६ च्या बोर्डावर पिन जळते आणि दोष गिझरला लागतो.

गॅस गिझरवाल्यांनी तर प्लीज जास्त काळजी घ्या, ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, काजळी धरली, आंघोळीत डोकं दुखलं किंवा गरगरलं तर लगेच बंद करून बाहेर या, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आणि तो बंद बाथरूममध्ये बसवलेला असेल तर चांगला चालत असला तरी आधी बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या.