वरचा सूर फाटतो? या चुका टाळा

मध्य सप्तकात (मधल्या सुरांत) मोकळा लागणारा आवाज तार षड्जाजवळ, म्हणजे वरच्या ‘सा’जवळ, आला की आवळतो, चिरकतो, नाहीतर मध्येच ठसका लागतो. अशा वेळी बहुतेक जण आणखी जोर लावतात, आणि तिथेच बिघडतं.

स्वरतंतू हे नाव फसवं आहे. त्या तारा नसून स्नायूंच्या दोन मऊ घड्या असतात. स्वर चढतो तो या घड्या लांबून पातळ झाल्यामुळे. खालून जास्त हवा रेटली, तर तो दाब पेलायला त्या घट्ट आवळतात, आणि पेलला नाही की एकदम सुटतात: तोच फाटलेला सूर. ४४० हर्ट्झचा स्वर लावताना त्या सेकंदाला ४४० वेळा एकमेकींवर आपटतात. जोर लावून तासभर आपटल्या तर सूज येणारच.

‘पोटातून गा’ हा सल्ला अर्धाच कळल्यामुळे पोट ढकलणारेही कमी नाहीत. श्वास घेताना खालच्या बरगड्या बाजूंना पसरल्या पाहिजेत, खांदे उचलता कामा नयेत. छाती ठासून भरू नका. छोट्या ओळीला छोटा श्वास पुरतो. मग ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज २० सेकंद काढून पाहा. पहिली पाच सेकंदं जोरात आणि पुढे फुसका निघत असेल, तर दम कमी नाही, सोडण्यावर ताबा नाही.

जोराची सवय मोडायला स्ट्रॉसारखं स्वस्त साधन नाही. अर्ध्या पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक साधारण दोन सेंटीमीटर बुडवा आणि त्यातून ‘ऊ’ लावत खालून वर, वरून खाली घसरत जा. गाल सैल ठेवा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ज्या स्वराला ते थांबतात किंवा उसळतात, तिथेच तुम्ही गळा दाबता किंवा हवा रेटता. अरुंद नळीमुळे हवेचा थोडा दाब उलटा येतो आणि घड्यांची आपटाआपट सौम्य होते. पाच मिनिटांनी अडणारी ओळ आधी स्ट्रॉतून, मग नुसत्या ‘ऊ’त, आणि शेवटी ‘आ’कारात घ्या. थेट ‘आ’वर उडी मारू नका.

तरीही अडलं, तर हनुवटीच्या खालच्या मऊ भागाला अंगठा लावून गा. तो भाग दगडासारखा होत असेल तर जिभेचं मूळ स्वरयंत्रावर दाबतंय. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवा, जबडा सोडा. मान वर करून सूर ‘गाठणं’ही बंद.

गाण्याच्या तोंडावर पाण्याचे दोन घोट घेतल्याने तोंड ओलं होतं, स्वरतंतू नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं. त्यामुळे दिवसभर थोडंथोडं पीत राहा. थेट पोहोचते ती वाफ. सारखं खाकरण्याऐवजी गिळा. घसा बसल्यावर कुजबुजू नका, कित्येकांचा त्यानेही ताण वाढतो. हळू बोला किंवा गप्प राहा.

घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाणं सगळ्यांत वाईट: दुखणं कळत नाही आणि इजा वाढते. आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. गाताना अचानक आवाजच गेला, तर त्याच क्षणी गाणं थांबवा आणि तपासणीसाठी आठवडे मोजत बसू नका.