उबुंटू सर्व्हरचं ऑटोइन्स्टॉल कुठे अडतं? या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीनवर उबुंटू सर्व्हर आपोआप बसवायचा ठरवलं, इन्स्टॉलरच्या प्रश्नांच्या उत्तरांची फाईल लिहिली, मशीन चालू केलं, आणि समोर भाषा निवडायची स्क्रीन येऊन थांबली. नागपुरातल्या कॉलेजच्या लॅबमधली पोरं असोत की आयटी पार्कातल्या छोट्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे असोत, मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विचारणारा आपली फाईल पुढे करतो आणि म्हणतो, यात काय चुकलं ते सांगा. माझं म्हणणं असतं, फाईल नंतर पाहू. इन्स्टॉलरने ती वाचली का, ते आधी पाहू. कारण फाईल न वाचताही इन्स्टॉलर तक्रार करत नाही, सरळ हाताने करायच्या इन्स्टॉलकडे वळतो.

तीन लक्षणं वेगळी ओळखा. भाषेची स्क्रीन आली, तर फाईल पोचलीच नाही किंवा पोचूनही ओळखली गेली नाही. ऑटोइन्स्टॉल पुढे न्यायचं का, 'यस' की 'नो', असं विचारलं, तर फाईल पोचली आहे. फक्त कर्नलच्या ओळीत, म्हणजे बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत, 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द नाही. काम सुरू होऊन मध्येच एरर आली, तरच फाईलमधल्या मजकुराकडे वळा. हा क्रम न पाळता या यामल मांडणीतल्या फाईलमधल्या स्पेस मोजत बसण्यात दुपारच्या दुपार जाते.

फाईल पोचतच नाही

उबुंटू सर्व्हरच्या २०.०४ पासून हे काम सबिक्विटी नावाचा इन्स्टॉलर करतो आणि क्लाऊड-इनिट हे मशीनला सुरुवातीची सेटिंग देणारं टूल त्याच्यापर्यंत फाईल आणून देतं. सीनियरांकडून चालत आलेली जुनी प्रिसीड फाईल इथे उपयोगाची नाही. ती डेबियनच्या इन्स्टॉलरसाठी ठेवा.

फाईली दोन लागतात, यूजर-डेटा आणि मेटा-डेटा. दुसरी रिकामी असली तरी चालते, पण ती असावी लागते. नावापुढे एक्स्टेन्शन नको. विंडोजवर नोटपॅडमध्ये सेव्ह केली की मागे टीएक्सटी चिकटतं, आणि एक्सप्लोरर ते लपवतो म्हणून दिसत नाही. यूजर-डेटाची पहिली ओळ हॅशचं चिन्ह (#) आणि त्याला लागून क्लाऊड-कॉन्फिग अशीच हवी. वर कॉमेंट नको, रिकामी ओळ नको.

या फाईलींची आयएसओ (सीडीची फाईल-प्रत) करून ती दुसरी सीडी म्हणून जोडत असाल, तर त्या आयएसओचं व्हॉल्यूम लेबल सीआयडेटा असलंच पाहिजे. आयएसओ फाईलचं नाव काहीही असू दे, इन्स्टॉलर फक्त लेबल बघतो. क्लाऊड-लोकलडीएस हे टूल वापरलं तर लेबल आपोआप बरोबर पडतं. मी तेच सुचवतो.

एचटीटीपीवरून देत असाल तर जास्त सावध राहा. कर्नलच्या ओळीत नोक्लाऊड (फाईल कुठून घ्यायची ते क्लाऊड-इनिटला सांगणारा शब्द) यानंतर अर्धविराम येतो आणि मग पत्ता. ग्रब या बूटलोडरला वाटतं, अर्धविरामापाशी आज्ञा संपली, आणि पुढचा पत्ता कर्नलपर्यंत जातच नाही. तो सगळा भाग अवतरणचिन्हांत घाला किंवा अर्धविरामाआधी बॅकस्लॅश द्या. व्हर्ट-इन्स्टॉल या व्हर्च्युअल मशीन तयार करणाऱ्या आज्ञेतून देतानाही टर्मिनलची शेल हाच अर्थ लावते, तेव्हा तिथेही अवतरणचिन्हं हवीत. पत्त्याच्या शेवटी स्लॅश विसरू नका, कारण पुढे फाईलचं नाव त्यालाच जोडलं जातं.

पत्त्यात लोकलहोस्ट लिहिणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. मशीनच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे ते मशीन स्वतःच. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये आणि क्यूईएमयूच्या यूजर नेटवर्कमध्ये होस्टचा (ज्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालतं त्याचा) पत्ता साधारणपणे १०.०.२.२ असतो, लिबव्हर्टच्या डिफॉल्ट नेटवर्कमध्ये १९२.१६८.१२२.१.

खात्री कशी करायची? पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर चालू असेल तर त्याच्याच खिडकीत दिसतं: यूजर-डेटा आणि मेटा-डेटाची मागणी आली की नाही. व्हेंडर-डेटाला ४०४ गेला तर घाबरू नका, ती फाईल नसली तरी चालते. एकही मागणी आली नाही, तर इन्स्टॉलरच्या हेल्प मेनूतून शेलमध्ये जा आणि प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाईन फाईल वाचा. तुमची ओळ तिथे पूर्ण दिसली तर होस्टचा फायरवॉल तपासा. अर्धवट दिसली तर अर्धविरामाकडे परत जा.

फाईल वाचली, पण हवं ते झालं नाही

इथे पासवर्डची चूक सगळ्यात जास्त छळते, कारण इन्स्टॉल छान पार पडतं आणि लॉगिन मात्र होत नाही. आयडेंटिटी विभागात पासवर्ड साधा लिहायचा नसतो, त्याचा हॅश, म्हणजे उलगडता न येणारं सांकेतिक रूप, द्यायचा असतो. तो हॅश डॉलर, ६, डॉलर असा सुरू होतो. स्क्रिप्टमधून हिअरडॉक (स्क्रिप्टमध्येच फाईलचा मजकूर लिहायची पद्धत) वापरून फाईल तयार केली आणि मजकुराची सीमा सांगणारा सुरुवातीचा ईओएफ अवतरणचिन्हांत ठेवला नाही, तर बॅश डॉलर ६ ला स्वतःचा व्हेरिएबल समजून तिथे काहीच लिहीत नाही. एरर येत नाही. तयार झालेल्या फाईलमधला हॅश डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट जागेची. पॅकेजेस आणि यूजर्सच्या ओळी 'ऑटोइन्स्टॉल'च्या आत नसून डावीकडे मोकळ्या लिहिल्या, तर त्या इन्स्टॉलरच्या तात्पुरत्या सिस्टिमला लागू होतात आणि रीबूटबरोबर जातात. बसलेल्या सर्व्हरच्या पहिल्या बूटसाठी काही हवं असेल तर ते ऑटोइन्स्टॉलच्या आतल्या यूजर-डेटा या भागात लिहा. लेट-कमांड्सचंही असंच आहे. त्या आज्ञा इन्स्टॉलरच्या सिस्टिममध्ये चालतात. नवा सर्व्हर तेव्हा टार्गेट या फोल्डरमध्ये माउंट केलेला असतो. त्याच्या आत आज्ञा चालवायची तर आधी कर्टिन इन-टार्गेट लावा.

डिस्कचं नाव पक्कं लिहू नका. केव्हीएमवर व्हर्टआयओ डिस्क व्हीडीए म्हणून दिसते, व्हर्च्युअलबॉक्सच्या साटावर एसडीए. स्टोरेज विभागातल्या मॅचखाली 'सर्वांत मोठी डिस्क' असं सांगितलं की फाईल दोन्हीकडे चालते. एलव्हीएम (डिस्कच्या जागेचे लवचीक भाग पाडायची पद्धत) लेआउट घेतला आणि आकाराचं धोरण सांगितलं नाही, तर २० ते २०० जीबीच्या डिस्कवर रूटला साधारण निम्मीच जागा मिळते. ४० जीबी देऊन २० भरल्यावर सर्व्हर अडला, अशी तक्रार यातूनच येते. सायझिंग-पॉलिसी 'ऑल' ठेवा.

लाईट गेली आणि परत आली

नागपुरात हा मुद्दा मी सोडूच शकत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर आणि एसी दिवसभर चालतात, आणि यूपीएस नसलेल्या लॅबमध्ये होस्ट कधीही बंद पडू शकतो. लाईट आल्यावर ऑटोस्टार्टवर ठेवलेली मशीनं आपोआप उठतात. त्यातल्या एखाद्याला इन्स्टॉलची आयएसओ अजून जोडलेली असेल, बूट क्रमात सीडी पहिली असेल, आणि तुम्ही 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द त्या आयएसओच्याच ग्रबमध्ये कायमचा घातला असेल, तर इन्स्टॉलर कुणालाही न विचारता चालू सर्व्हरची डिस्क पुसून नव्याने सुरुवात करतो. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट असे जाऊ देऊ नका. 'यस' की 'नो' हा प्रश्न नेमक्या याच अपघातासाठी ठेवलेला आहे. त्यामुळे तो शब्द आयएसओत कोरण्यापेक्षा पहिल्या बूटच्या वेळी बाहेरून द्यावा. व्हर्ट-इन्स्टॉल लोकेशनच्या पर्यायाने चालवलं तर पुढचं बूट थेट डिस्कवरून होतं.

व्हर्च्युअलबॉक्सवर एक सोपा उपाय आहे. फाईलमध्ये शटडाउनसमोर पॉवरऑफ लिहा. इन्स्टॉल संपलं की मशीन बंद होतं. मग तुमच्या स्क्रिप्टने दोन्ही आयएसओ काढायच्या, बूट क्रमात डिस्क पहिली करायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. ऑटोस्टार्ट त्यानंतरच लावा.

एक सर्व्हर तयार करून त्याच्याच प्रती काढणार असाल, तर प्रत काढण्याआधी मशीन-आयडी फाईल रिकामी करा. नाहीतर डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) सगळ्या प्रतींना एकच पत्ता देऊ शकतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोरी फाईल लिहायला घेऊ नये. एकदा हाताने, हवा तसा सर्व्हर बसवा. त्याच्या व्हार, लॉग, इन्स्टॉलर या फोल्डरमध्ये ऑटोइन्स्टॉल-यूजर-डेटा नावाची फाईल तयार असते, सुडोने वाचता येते. तुम्ही स्क्रीनवर दिलेली उत्तरं तिच्यात बरोबर मांडणीत लिहिलेली असतात. तीच घ्या, होस्टनेम आणि डिस्कचा भाग बदला. बाकीचे लॉगही त्याच फोल्डरमध्ये सापडतात. सबिक्विटी सर्व्हरच्या डीबग लॉगचा शेवट आधी वाचा. मध्येच थांबलेलं इन्स्टॉल कोणत्या पायरीवर थांबलं, ते तिथे लिहिलेलं असतं.