ग्रेट ॲलेगेनी पॅसेज: आधी महिना बघा, मग टप्पा ठरवा

ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही अमेरिकेतली सायकलींची आणि पायी जाण्याची वाट. पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग ते मेरीलँडमधलं कंबरलँड हा 150 मैलांचा, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरचा मार्ग बहुतांशी जुन्या रेल्वेमार्गांवरून जातो. 1986 मध्ये ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा खुला झाला आणि 2013 मध्ये वाट थेट पिट्सबर्गच्या पॉइंट स्टेट पार्कपर्यंत पोचली. सायकलवाले, चालणारे, पळणारे आणि बर्फ पडल्यावर स्कीवाले असे सगळे हीच वाट वापरतात. घोड्यांना ठरावीक टप्प्यांतच, कडेच्या गवतावरून परवानगी आहे. मोटारसायकली आणि स्नोमोबाइल यांना मनाई आहे.

मार्ग बारा महिने खुला असतो, पण सलग खुला नसतो. डील आणि फ्रॉस्टबर्ग यांच्यामध्ये सुमारे 3,300 फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा आहे. डिसेंबरपासून साधारण एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत त्याची दोन्ही तोंडांची दारं बंद करतात. डोंगरातून झिरपणारं पाणी आत गोठलं की बोगद्याचं अस्तर फुटतं, म्हणून आतली ऊब कोंडून ठेवतात. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी मार्गाच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. ‘बाजूच्या रस्त्याने वळसा घालू’ हा बेत करू नका. ते रस्ते तीव्र चढ-उताराचे आहेत आणि हिवाळ्यात निसरडे होतात. या काळात पिट्सबर्गकडची बाजू वेगळी आणि फ्रॉस्टबर्ग-कंबरलँडची बाजू वेगळी, असं धरूनच बेत आखायचा.

मैलांचे खुंट कंबरलँडला शून्यापासून सुरू होतात. साधारण अंतरं अशी: फ्रॉस्टबर्ग 16, मायर्सडेल 32, रॉकवुड 44, कॉन्फ्लुएन्स 62, ओहायोपाइल 72, कॉनेल्सव्हिल 89, वेस्ट न्यूटन 114, मकीस्पोर्ट 132 आणि पिट्सबर्ग 150. हे आकडे कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवा, कारण दरीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल या 17 मैलांत दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि खाणं आधीच भरून घ्या.

दिशा निवडताना चढाचा हिशेब करा. मार्गाचा माथा म्हणजे ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळ्या दिशांना वाहून नेणारी डोंगरधार, उंची 2,392 फूट. पिट्सबर्गहून तिथे पोचायला सुमारे 126 मैल मिळतात, त्यामुळे चढ जवळजवळ कळतच नाही. कंबरलँडहून मात्र 24 मैलांतच जवळपास 1,800 फूट चढायचे असतात. चढ दोन टक्क्यांच्या आतच आहे, पण मध्ये पाय सैल सोडायला जागा नाही. सामान लादलेल्या सायकलवर लोक सुरुवातीला जोरात निघतात आणि फ्रॉस्टबर्गच्या आधीच गळून जातात. पहिल्यापासून हलका गिअर ठेवा आणि दर पाच-सहा मैलांना थांबून काहीतरी खा. एकच दिवस असेल आणि चढ नको असेल, तर कंबरलँडहून निघणारी पर्यटक रेल्वे हंगामात सायकलींसह फ्रॉस्टबर्गला नेते. तिथून 16 मैल उताराने परत यायचं. या टप्प्यात रूळ वाटेला चिकटून आहेत आणि ब्रश बोगद्यातून गाडी आणि माणसं दोन्ही जातात. गाडी आत असेल किंवा येताना ऐकू आली, तर बाहेरच थांबा.

आता ऋतूंकडे वळू. सर्वांत फसवा काळ म्हणजे मार्च आणि एप्रिलची सुरुवात. हवा छान वाटते, पण वाटेवरची चुनखडीची बारीक खडी रात्री गोठते आणि दुपारी वितळते, त्यामुळे वरचा थर भुसभुशीत होतो. वाटेवर टाच दाबून बघा. खोल ठसा उमटला, तर सायकलचं चाक रुतणार आणि मागे खोल चर पडणार. तो चर सुकला की पुढे महिनोन्महिने दुसऱ्यांची चाकं त्यात अडकतात, दुरुस्तीचं काम स्वयंसेवकांच्या माथी पडतं. अशा दिवसांत पिट्सबर्ग ते मकीस्पोर्ट हा डांबरी टप्पा करा. यॉकगेनी नदीच्या दरीत याच सुमारास दरडी आणि झाडं पडतात, म्हणून निघायच्या सकाळी सूचना पुन्हा बघा.

मेपासून जुलैपर्यंत गोचिडींची काळजी घ्या. पेनसिल्व्हेनियात गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचं प्रमाण मोठं आहे आणि तो पसरवणारी गोचिडींची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज दिसत नाहीत. गवतात बसू नका, पायमोजे पँटवर ओढून घ्या आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत आणि कमरेच्या पट्ट्याखाली नीट तपासा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका. अंगाला खाज आणणाऱ्या तीन पानांच्या पॉयझन आयव्ही या वेलीलाही हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठलेला बरा, कारण वादळी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. ओहायोपाइलला शनिवार-रविवारी राफ्टिंगवाल्यांची गर्दी असते, वाहनतळ सकाळीच भरतो. तिथून कॉन्फ्लुएन्सपर्यंतचे 10-11 मैल मुलांना घेऊन जायला उत्तम, पण ते मधल्या वारी करा. वाट सगळ्यांची आहे: उजवीकडून चला, ओलांडताना घंटी वाजवून डावीकडून जा. घोडा समोर आला, तर सायकलवरून उतरा आणि स्वाराशी बोला, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही.

पावसानंतरचं एक काम टाळू नका. ओल्या चुनखडीचा राखाडी गाळ साखळीत, डिरेलरच्या (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांत आणि ब्रेकच्या गुटक्यांवर बसतो आणि सुकला की सिमेंटसारखा घट्ट होतो. मग गिअर उड्या मारतात आणि रिमब्रेकचे गुटके झपाट्याने झिजतात. त्याच संध्याकाळी बाटलीतल्या पाण्याने गाळ धुवा, साखळी फडक्याने कोरडी करा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाका. जास्त तेल लावलं तर उद्याची धूळ त्यालाच चिकटेल. टायर 35 ते 42 मिलिमीटर रुंदीचे घ्या. सोबत दोन ट्यूब, पंप, साखळीची जोडकडी आणि ब्रेकचे जादा गुटके असू द्या.

ऑक्टोबरचा मध्य हा पानांच्या रंगांचा काळ. उंचावर, मायर्सडेलच्या आसपास, रंग आधी चढतात आणि मग खाली दरीत उतरतात. या पंधरवड्यातल्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. पडलेल्या ओल्या पानांखाली खड्डे आणि मुळं झाकली जातात, वळणावर ब्रेक हळू दाबा. मायर्सडेलजवळचा सुमारे 1,900 फूट लांबीचा सॅल्सबरी व्हायाडक्ट हा दरीवरचा उंच पूल याच दिवसांत बघावा. वर वारा जोराचा असतो, जॅकेट हाताशी ठेवा.

नोव्हेंबर-डिसेंबर हा हरणांच्या शिकारीचा हंगाम आहे आणि वाट शिकारीच्या जमिनींलगत जाते. भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घाला, कुत्र्यालाही नारिंगी पट्टा बांधा.

जानेवारीत वाटेवरचा बर्फ बहुतेक ठिकाणी काढत नाहीत. रॉकवुड ते मायर्सडेल हा उंचावरचा भाग स्कीसाठी चांगला. स्कीच्या दोन समांतर चाकोऱ्यांवरून चालू नका, कडेने चाला. पाच वाजता अंधारतं, त्यामुळे दुपारी एकला मागे फिरायचं हे आधीच ठरवा. बाटली पिशवीत उलटी ठेवा: पाणी वरून गोठायला लागतं, तोंड खाली असेल तर बूच मोकळं राहतं.

कंबरलँडहून वॉशिंग्टनकडे सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याची 184.5 मैलांची वाट लागते. तिचे खुंट उलटे, वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून मोजलेले आहेत. पृष्ठभाग बऱ्याच ठिकाणी मातीचा, पाऊस झाला की चिखल, म्हणून रोजचं अंतर तिथे एक चतुर्थांश कमी धरा. तंबूच्या मोफत जागांवरचे हातपंप हिवाळ्यात बंद करतात.

परतीसाठी ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची वॉशिंग्टन-शिकागो मार्गावरची गाडी कंबरलँड, कॉनेल्सव्हिल आणि पिट्सबर्गला थांबते. सायकलीची जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून खोल्यांच्या आधी ती पक्की करा. पश्चिमेकडे जाणारी गाडी पिट्सबर्गला मध्यरात्रीच्या सुमारास पोचते आणि उशीर नेहमीचाच, त्या रात्रीचा मुक्काम स्टेशनजवळ घ्या.