शिशाचा रंग काढताना या चुका टाळा: जुन्या पोलादी पुलांसाठी

स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल 1890 साली खुला झाला. 2002 ते 2011 या काळात त्याच्यावरचे शिसं असलेले जुने थर पोलादापर्यंत उतरवले आणि काचेचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेला इपॉक्सी रंग लावला. हे काम झाकलेल्या परांचीच्या आत झालं. अशा कामात चुका होतात त्या मुख्यतः या झाकणीत, नाहीतर ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कठीण कण मारून रंग आणि गंज काढणं) आणि रंगाचा पहिला हात यांमधल्या काही तासांत.

त्याआधी तपासणी. फक्त वरचा रंग तपासू नका. शिसं बहुधा तळाच्या शेंदरी प्रायमरमध्ये (धातूवरच्या पहिल्या थरात) असतं आणि लोहाचा रेड ऑक्साइडही साधारण तसाच दिसतो. तुळई, कैची (त्रिकोणी सांगाडा), कठडा अशा निरनिराळ्या भागांतून धातूपर्यंतचा पोपडा काढून प्रयोगशाळेत पाठवा.

उघड्यावर ग्राइंडर चालवू नका. गॅसच्या ज्योतीने रंग जाळणं त्याहून वाईट. शिशाचा धूर थेट फुप्फुसात जातो. रिव्हेट कापायचा असेल तर आधी भोवतालचा किमान 10 सेंटिमीटर रंग काढा.

ताडपत्री चारी बाजूंनी लावतात आणि तळ मोकळा ठेवतात. मग सगळा चुरा नदीत. तळ, सांधे, दार बंद हवं आणि हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या) पंख्याने आतली हवा सतत खेचली जायला हवी. काम चालू असताना ताडपत्री आत ओढलेली दिसली पाहिजे. बाहेर फुगली असेल तर ब्लास्टिंग लगेच थांबवा. झाकणीवर वाऱ्याचा प्रचंड जोर येतो. जुना सांगाडा तो पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधीच तपासून घ्या.

अमेरिकी नियमात हवेतल्या शिशाची मर्यादा 8 तासांच्या सरासरीने घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम आहे. ब्लास्टिंग करताना ती सहज ओलांडली जाते, म्हणून ब्लास्टरला बाहेरून हवा पुरवणारं शिरस्त्राणच हवं, कापडी मास्क नाही. अंगावरची धूळ काँप्रेसरच्या हवेने उडवू नका. कामाचे कपडे घरी नेले तर शिसं लेकरांपर्यंत पोहोचतं. हात-तोंड धुतल्याशिवाय तंबाखू, बिडी, डबा काहीही नाही.

कचऱ्यातून शिसं पाझरतं का, या चाचणीतही फसगत होते. स्टील ग्रिटमधलं (ब्लास्टिंगच्या पोलादी कणांमधलं) लोखंड शिसं काही काळ धरून ठेवतं, त्यामुळे नमुना पास होतो. पुढे लोखंड गंजलं की शिसं पाझरू लागतं. पास झालेला कचराही साध्या भरावात टाकू नका.

आता रंग. ब्लास्टिंगनंतर काही तासांतच काळपट ठिपके उमटले, तर खाचांमध्ये क्षार उरलेत. गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, पुन्हा ब्लास्ट करा आणि क्षारांची चाचणी घ्या. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत असेल तरच प्रायमर लावा.

वर्षभरात रिव्हेटभोवती तांबडी रेघ आली, तर बहुधा ब्रशचा हात चुकवलेला असतो. कडांवरून रंग ओघळून पातळ होतो, म्हणून रिव्हेटची डोकी, कडा आणि वेल्ड स्प्रेच्या आधी ब्रशने रंगवा.

रंग चादरीसारखा सुटला, तर जाड, ठिसूळ झालेल्या जुन्या थरावर कडक इपॉक्सी चढवलेला असतो. तो सुकताना आकसतो आणि खालचा थर उचकटतो. जुना रंग घट्ट असेल आणि तोच झाकायचा असेल, तर आधी छोट्या तुकड्यावर लावून एक पावसाळा जाऊ द्या.

दोन पट्ट्यांमधला साचलेला गंज ब्लास्टिंगने निघत नाही. तिथे आत झिरपणारा सीलर सोडा, वरची फट सीलंटने बुजवा आणि खालची कड उघडी ठेवा, नाहीतर पाणी आतच अडकून पट्ट्या फुगवेल.