विमान भागीदारीत उडवताय? आधी पॉलिसी वाचा

दुसऱ्याचं छोटं विमान उडवण्यापूर्वी किंवा त्यात हिस्सा घेण्यापूर्वी मूळ विमा पॉलिसी मागून घ्या. मालक ‘तुम्हीही कव्हर आहात’ म्हणतो, तेवढ्यावर जाऊ नका. ‘मंजूर वैमानिक’ (ज्याला ते विमान उडवायला विमा कंपनीची मान्यता आहे) आणि ‘विमाधारक’ (ज्याच्या नावावर विम्याचं संरक्षण आहे) यांत मोठा फरक आहे. तुम्ही नुसते मंजूर वैमानिक असाल, तर कंपनी मालकाला भरपाई देऊन तीच रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणून हिस्सेदाराचं नाव विमाधारकांत हवंच. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला विमा कंपनी देत नाही तो ठरलेला वाटा, कोण भरणार, हेही करारात लिहा. अपघातानंतर मैत्री फार ताणते.

इंधनखर्च वाटून घेणं वेगळं, भाडं घेणं वेगळं. भाडं आलं की खासगी वापराची पॉलिसी बहुधा लागू होत नाही. तपासणीचे नियमही बदलतात: अमेरिकेत वार्षिक तपासणी तर आहेच, शिवाय पैसे घेऊन प्रवासी नेले किंवा स्वतः विमान पुरवून प्रशिक्षण दिलं, तर उड्डाणाच्या दर 100 तासांनी आणखी एक लागते. तपासणीची मुदत संपलेली असेल, तर दावा अडकू शकतो.

हिस्सा घेण्याआधीची तपासणी मात्र त्या विमानाच्या नेहमीच्या मेकॅनिकऐवजी त्रयस्थाकडून करून घ्या. लॉगबुकमध्ये सलग नोंदी नसतील, तर रंग कितीही चकचकीत असो, थांबा.