क्लॅरिनेट : वरच्या सुरांत जीभ अडखळायची, ते कसं सुटलं

मधल्या पट्टीत टंगिंग (जिभेच्या स्पर्शाने सूर सुटे काढणं) स्वच्छ यायचं. वरचा 'सी' ओलांडला की मात्र प्रत्येक सुराआधी खालून एक घोगरा 'घ्रं' उमटायचा. रीड (तोंडाजवळची थरथरणारी पातळ पाती) अडीच नंबरवरून तीनची, म्हणजे जरा कडक, केली. आवाज भरीव झाला, घोगरेपणा जागच्या जागी.

गोम होती जिभेच्या मागच्या भागात. टोकाबरोबर अख्खी जीभ खाली यायची. क्लॅरिनेटमध्ये रजिस्टर की (वरच्या सुरांत नेणारी कळ) दाबली की सूर अष्टकाने नाही, बाराव्या सुरावर उडी मारतो. त्याहून वरचे सूर पाचव्या उपस्वरावर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांवर, उभे. तिथे तोंडातली पोकळी जराशी बदलली तरी सूर खाली घसरू पाहतो.

मग टंगिंगच बंद केलं. वरचा 'डी' नुसत्या श्वासाने, 'ही' म्हणतो तसा, सुरू करायचा. उजव्या करंगळीने ई-फ्लॅट की दाबलेली, नाहीतर सूर उतरतो. तो बिनघोगरता लागू लागल्यावर श्वास न तोडता जिभेचं टोक रीडच्या टोकाशी हलकेच टेकवायचं, 'दी-दी-दी', मेट्रोनोम (लय धरणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. 'ती' नको, फार कडक होतो. जिभेच्या कडा वरच्या दाढांना लागलेल्या राहिल्या पाहिजेत. खरं काम तेवढंच आहे. जबड्याने चावायचा मोह होतोच, पण रीड मिटते आणि सूर चढतो.

'ई'च्या वर जलद लयीत अजून कधीकधी घोगरतं. तिथे दोन सूर जोडून, दोन तोडून वाजवतोय.